मदत हवी आहे: बाबांच्या चांगल्या हाताला मोजा बांधून व्यायाम, या अभ्यासात सामील व्हावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा साठीच्या पुढचे. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी धरून अंगणात फिरतात, बोलणं स्पष्ट आहे, पण डावा हात नुसता मांडीवर पडून असतो. सांगितलं तर मनगट थोडं उचलतात, बोटंही जराशी उघडतात. पाण्याचा तांब्या समोर ठेवला की मात्र उजवाच हात पुढे येतो.

बेळगावातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या मुलीनं तिच्या प्रबंधासाठी बाबांना विचारलंय. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, म्हणजे झक मारत दुबळा हात वापरावा लागतो. सोबत रोज काही तास सराव, दोन आठवडे.

मी थोडं वाचलं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांची. सुरुवातीला हात चालत नाही म्हणून माणूस तो वापरायचं सोडतो आणि पुढे थोडी ताकद आली तरी न वापरायची सवय तशीच राहते. ती मोडायला हा मोजा. २००६ साली 'एक्साइट' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते आणि सुधारणा वर्षभरानंतरही टिकलेली दिसली. पण मनगट-बोटं थोडी तरी हलणारेच त्यात घेतले होते. बाबा त्यात बसतात असं ती मुलगी म्हणते.

आता घरातला घोळ. आईचं एकच, "डाव्या हातानं घास खायला लावणार होय त्यांना? आणि देवाला फूल कुठल्या हातानं वाहणार?" बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांनाही ते पटलेलं नाही. मला जास्त भीती काठीची वाटते. ती उजव्या हातात असते, मोजा घालून धरायची कशी? शिवाय मोज्याचा गट की दुसरा, हे चिठ्ठी टाकून ठरणार. दुसऱ्या गटात नाव आलं तर नेहमीचेच व्यायाम, आणि त्यासाठी रोज बसनं बेळगाव! संमतीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, बाबा मराठी शाळेत शिकलेले.

"घरीच व्यायाम करून घ्या" असं कृपया नुसतं सांगू नका. भारतातल्याच १४ दवाखान्यांत १२५० रुग्णांवर 'अटेंड' चाचणी झाली, २०१७ साली छापून आली. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतल्यानं सहा महिन्यांनी परावलंबन कमी झालेलं दिसलं नाही. तेलवाल्यांचे पत्तेही नकोत, ते गावात पुष्कळ आहेत.

कुणाच्या घरी हा मोज्याचा उपाय केलाय का?

प्रतिसाद

मी निपाणीकडे फिजिओ आहे. काठीची भीती रास्तच आहे. चालताना, जिन्यावर, अंघोळीला मोजा काढायचाच असतो. मोजा कधी घालायचा आणि कधी काढायचा हे सुरुवातीलाच रुग्णाशी बसून लिहून ठरवतात, त्यातच जेवण आणि पूजा वगळायला सांगा. डाव्या हाताला चमचा, वाटी, डबा उघडणं, कपड्याच्या घड्या एवढं काम पुरे. आईंनाही त्या बैठकीला न्या.

कागद मराठीत मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार माहिती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत द्यावी लागते, आणि मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. अभ्यासाची सीटीआरआयवर, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या देशाच्या नोंदवहीत, नोंद आहे का तेही विचारा, क्रमांक टाकला की कुणालाही फुकट बघता येते. दुसऱ्या गटात गेलात तर अभ्यास संपल्यावर मोज्याचा उपाय मिळेल का आणि बसभाडं कोण देणार, हे सहीआधी लिहून घ्या. आणि हो, डावा खांदा दुखत असेल तर आधी तो दाखवा. उठवताना त्या हाताला धरून ओढत असाल तर आजपासून बंद.

धागाकर्ता

खांदा दुखतोय खरा, आणि उठवताना आम्ही त्याच हाताला धरतो. उद्याच दाखवतो. मराठी कागदासाठी त्या मुलीला फोन केला, देते म्हणाली. बसभाड्याचं मात्र "मॅडमना विचारून सांगते" म्हणाली.