हलक्या स्पोर्ट्स कारला ट्रॅक डेसाठी टो हूक: पक्का बसवावा की पट्ट्यावर भागवावे?

केंटकर

ब्रँड्स हॅच, स्नेटरटन, कॅसल कूंब अशा शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी हौसेने पळवण्याच्या दिवशी, जाणाऱ्या इंग्लंडमधील आपल्या मंडळींपैकी अनेकांकडे लोटस एलिस किंवा केटरहॅम सेव्हन आहे, आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांना ओढून नेण्यासाठी धड जागाच नसते. माझे मत स्पष्ट आहे. पुढे आणि मागे, दोन्हीकडे, बाहेरून दिसणारा आणि चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) भार पेलणाऱ्या भागाला बोल्टने जोडलेला टो हूक (ओढण्याचा आकडा) नसेल, तर ती गाडी ट्रॅकवर उतरवू नये.

गाडी ट्रॅकच्या कडेच्या खडीत जाऊन रुतली की लाल झेंडा लागतो आणि सगळ्यांचे सत्र थांबते. मार्शल (ट्रॅकवरचे सुरक्षा-मदतनीस) धावत येतात आणि हूक सापडला नाही, तर हाताला लागेल त्या नळीला पट्टा बांधतात. सेव्हनच्या बाबतीत ती नळी बहुधा पुढच्या विशबोनची, म्हणजे चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्याची, असते. विशबोन त्याच्या लांबीच्या दिशेने येणारा भार उत्तम पेलतो, पण मध्यावर आडवी ओढ बसली की वाकतो. मग गाडी वरून शाबूत दिसते आणि चाकांचे कोन मात्र बिघडलेले असतात. एलिसचे पोट सपाट आणि नाकाचे फायबरचे आवरण अखंड असल्याने तिथे पट्टा बांधायला काही मिळत नाही, आणि जो बांधला जातो तो आवरणाची कड तोडतो. स्पर्धेच्या गाड्यांसाठी एफआयए या जागतिक मोटर क्रीडा संघटनेच्या नियमांतील परिशिष्ट जे मधील कलम 253 पुढे-मागे टो हूक सक्तीचा करते आणि तो पिवळा, लाल किंवा नारिंगी रंगवायला सांगते. ट्रॅक डे ही स्पर्धा नसली तरी खडी तीच असते.

हेथेलप्रेमी

आपल्या हेतूशी मी सहमत आहे, पण "चॅसीला बोल्टने जोडावा" हे वाक्य एलिसच्या मालकाने वाचून लगेच ड्रिल हातात घेतले, तर त्याचे मोठे नुकसान होईल, म्हणून विरोध नोंदवतो. 1996 ते 2021 या काळात लोटसच्या हेथेल येथील कारखान्यात बनलेल्या या गाडीची चॅसी ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून केलेली आहे. पहिल्या मालिकेत तिचे वजन अवघे 68 किलो आणि संपूर्ण गाडीचे सुमारे 725 किलो होते. चिकटवलेला सांधा घसरण्याच्या दिशेने आलेला भार प्रचंड पेलतो, परंतु कडेपासून सोलल्यासारखी ओढ बसली तर तोच सांधा दुबळा असतो, आणि तिरक्या टो हुकाची ओढ नेमकी त्याच प्रकारची असते. सांध्याला इजा झाली तर वेल्डिंगचा पर्यायही उरत नाही, कारण त्या उष्णतेने शेजारचा इपॉक्सीच निकामी होतो.

नाकाकडे तर परिस्थिती आणखी बिकट आहे. तिथला धक्का शोषणारा भाग फायबरचा असून तो चॅसीला चिकटवलेला आहे. तो दाबला जाण्यासाठी बनवला आहे, पुढे ओढला जाण्यासाठी नव्हे.

आपण ज्या कलमाचा आधार घेतला, त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की गाडी मोकळेपणी हलू शकत असेल तरच हूक वापरावा. खडीत पोटापर्यंत रुतलेली गाडी मोकळी कशी म्हणायची? ती उचलूनच काढली पाहिजे. ज्या कामासाठी हूक नाही, त्या कामासाठी तो सक्तीचा करणे मला पटत नाही.

केंटकर

नाकातील फायबरला हूक लावा, असे मी म्हटलेले नाही. एलिसला मागे पोलादी सबफ्रेम (चॅसीला जोडलेली छोटी चौकट) आहे आणि पुढे विशबोन जिथे चॅसीला मिळतात तिथे कारखान्यानेच केलेली बोल्टची छिद्रे आहेत. ब्रेक लावताना आणि वळणावर टायरचा सगळा भार त्याच जागांतून चॅसीत जातो. तिथलाच बोल्ट योग्य प्रतीचा, पण किंचित लांब घेऊन त्याखाली पोलादी पट्टी बसवली, तर नवे छिद्र पाडावे लागत नाही. दोन्ही बाजूंच्या बोल्टांना जोडणारी एकच पट्टी केली, तर ओढ दोन ठिकाणी विभागली जाते.

उचलण्याविषयी सांगायचे, तर सेव्हनचा रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी कमान) उघडा असतो, त्याला पट्टा घालून गाडी उचलता येते. एलिसचा रोल बार आवरणाखाली झाकलेला असतो, मग तिला धरायचे कुठे? शिवाय बंद पडलेली किंवा गवतावर थांबलेली गाडी चांगली मोकळी असते, आणि तिला नुसते ओढून पिटलेनमध्ये नेता येते. अशा साध्या प्रसंगांत हुकाअभावी गाडी मोडणे मला अक्षम्य वाटते.

भारगणक

दोघांचेही म्हणणे आकड्यांत मांडून पाहू. 800 किलोची गाडी सपाट डांबरावर ओढायला साधारण 12 किलोचा जोर पुरतो. तेवढा भार कोणताही हूक पेलेल. खडीत चाके रुतली की हा जोर गाडीच्या वजनाच्या मोठ्या हिश्शाइतका होतो आणि पोट टेकले की वजनाच्या जवळ पोहोचतो. तरीही तो टनाच्या आसपासच राहतो. खरा धोका झटक्याचा आहे. दोन टनांची रिकव्हरी गाडी ताशी 5 किलोमीटर वेगाने सैल पट्टा ताणत गेली आणि रुतलेली गाडी जागची हलली नाही, तर सुमारे 1,930 ज्यूल ऊर्जा पट्ट्याला शोषावी लागते. पट्टा 10 सेंटीमीटर ताणला गेला असे धरले, तर सरासरी ओढ दोन टनांची आणि शेवटच्या क्षणीची जवळजवळ चार टनांची होते. 8.8 या ताकदीच्या प्रतीचा 8 मिलिमीटरचा बोल्ट सरळ ओढीत सुमारे तीन टनांवर तुटतो. 12 मिलिमीटरचा त्याच्या दुपटीहून अधिक पेलतो. म्हणून बोल्ट 12 मिलिमीटरचा घ्यावा हे खरे, पण तो धरून राहिला म्हणजे तोच भार पुढे चॅसीकडे जातो, हेही विसरू नये. हेथेलप्रेमी यांची शंका मला त्यामुळे रास्त वाटते. हलक्या गाडीच्या हुकाला झटका देऊन ओढणे कोणत्याही परिस्थितीत मान्य असू नये.

आता अनेक जण वापरतात त्या आट्यांनी बसणाऱ्या हुकाविषयी. तो सरळ ओढीत भक्कम असतो. दांडा 10 सेंटीमीटर बाहेर आला आहे, त्याची जाडी 16 मिलिमीटर आहे आणि ओढ आडवी 500 किलोची आहे, असे धरा. मुळाशी ताण 1,200 मेगापास्कलच्या वर जातो. साधे पोलाद त्याच्या बरेच आधी वाकते. ट्रॅकवरून बाहेर गेलेली गाडी रिकव्हरी गाडीकडे तोंड करून क्वचितच थांबते, म्हणजे आडवी ओढ हाच नेहमीचा प्रसंग आहे.

पट्टेवाला

भारगणक यांच्या शेवटच्या मुद्द्यातच माझा पक्ष आहे. पॉलिएस्टरच्या जाड पट्ट्याचा फास दोन्ही टोकांनी एकाच 12 मिलिमीटरच्या बोल्टला जोडला, तर तो ओढीच्या दिशेने स्वतः वळतो, त्यामुळे मुळाशी वाकवणारा भार जवळजवळ राहत नाही. त्याचे वजन नगण्य असते, आणि केटरहॅम सेव्हन 170 सारख्या 440 किलोच्या गाडीत ही गोष्ट लहान नाही. मागून कोणी धडकले तर पोलादी हूक त्याच्या रेडिएटरमध्ये घुसतो. पट्टा घुसत नाही. केंटकर यांची पक्क्या कडीची, म्हणजे पोलादी हुकाची, अट मला त्यामुळे अनावश्यक वाटते. पट्ट्याला धारदार कडेचा आणि उन्हाचा त्रास होतो, हे मान्य. कड घासून गोल करावी, वर नळी चढवावी आणि पट्टा विटला की बदलावा.

झेंडेवाला

मी हौशी मार्शल म्हणून उभा राहतो, त्यामुळे गाडीबाहेरची बाजू सांगतो. आमच्यासाठी हुकाचा प्रकार दुय्यम असतो. गाडी शर्यतीच्या रेषेजवळ थांबलेली असेल, तर तिथे घालवलेला प्रत्येक क्षण जिवावरचा असतो. काळा पट्टा काळ्या जाळीमागे आत दुमडलेला असला, तर खडीत गुडघे टेकून तो शोधावा लागतो. पट्टा लावा, कडी लावा, पण तो भाग भडक रंगाचा ठेवा आणि शेजारी बाणाची खूण चिकटवा.

आट्यांचा हूक डिकीतल्या पिशवीत असला, तर तो आमच्या दृष्टीने नाहीच. नाकावर आदळलेल्या गाडीचे झाकण उघडत नाही. अनेक युरोपीय गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे घाईत तो उलटा फिरवला जातो. सकाळी पिटमध्येच तो पूर्ण घट्ट बसवावा आणि घरी निघताना काढावा.

मागचा हूक अनेक जण टाळतात, त्याविषयीही बोलायला हवे. गाडी वळणावर सरळ जाऊन नाकाने टायरच्या भिंतीत शिरते, तेव्हा पुढचा हूक भिंतीत गाडलेला असतो. मागे काही नसेल, तर आम्ही एक्झॉस्टकडे किंवा मागच्या विशबोनकडे वळतो, आणि त्यात गाडीचे नुकसान होते.

हेथेलप्रेमी

मागच्या हुकाविषयी माझा आक्षेप नाही. पोलादी सबफ्रेमला तो लावणे सुरक्षित आहे. पुढच्या बाजूला मात्र मी पट्ट्याच्याच बाजूने राहीन, आणि तोही विशबोनच्या मूळ बोल्टलाच. केंटकर यांच्या पोलादी पट्टीला माझा आणखी एक विरोध आहे. इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि पोलाद ॲल्युमिनियमला टेकून ओले राहिले की ॲल्युमिनियम कुरतडले जाते. मध्ये विलग करणारे वॉशर आणि गंजरोधक लेप नसेल, तर ज्या सांध्यावर सगळी मदार आहे तोच काही वर्षांत पोखरला जाईल, आणि ते आवरण उतरवल्याशिवाय दिसणारही नाही.

रस्त्यावरून चालवत ट्रॅकला नेल्या जाणाऱ्या गाडीवर कायमची बाहेर आलेली कडी मला अजिबात मान्य नाही. स्वतः जुळवलेल्या सेव्हनला रस्त्याची परवानगी मिळवताना बाहेरच्या कडांची गोलाई किमान 2.5 मिलिमीटर आहे का, हे तपासतात, ते पादचाऱ्याच्या पायाचा विचार करूनच.

केंटकर

लेप आणि वॉशर हवेतच. प्रत्येक हिवाळ्यानंतर पट्टी काढून खालचा भाग पाहावा, हेही मी माझ्या सूचनेत जोडतो. रस्त्यावर बाहेर आलेली कडी नसावी, यासाठी दुमडणारा हूक मिळतो आणि मी तोच सुचवीन. पुढे नुसत्या पट्ट्यावर भागवण्यास मात्र माझा विरोध कायम आहे. एलिसच्या नाकातून तो बाहेर काढताना त्याला जाळीच्या चौकटीवरून वळावे लागते, आणि तिरकी ओढ बसली की तो त्या चौकटीवर दाबून फायबर फोडतो. पट्टेवाला यांनी वर सुचवलेली नळी पट्टा वाचवते, आवरण वाचवत नाही.

पट्टेवाला

त्यासाठी पट्टा लांब ठेवून त्याचा फास जाळीच्या पूर्ण बाहेर यायला हवा, आणि रिकव्हरी गाडी आडवी उभी असेल तर ती समोर आणेपर्यंत ओढू नये, असे चालकाने मार्शलला सांगायला हवे. चालक शुद्धीवर आणि गाडीबाहेर असेल, तर हे दोन वाक्यांत सांगून होते.

झेंडेवाला

आम्ही ते ऐकतो. पण गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला असेल, तर रिकव्हरी गाडीला समोर यायला जागाच नसते, हे लक्षात घेऊन पुढच्या हुकाची निवड करावी.