उन्हाळ्यात बॅटरी पाणी पिते, चार्जिंगचा व्होल्टेज कमी करावा का?

वऱ्हाडी_सोलर:
अकोल्याजवळ शेतातल्या खोलीवर सोलर आहे, १२ व्होल्टची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी (पाणी टाकायची, लेड ॲसिडची), दोन वर्षं झाली. चार्ज कंट्रोलर बूस्टला (जोरात चार्ज करताना) १४.४ आणि फ्लोटला (भरल्यावर नुसतं टिकवताना) १३.६ व्होल्टवर आहे, हिवाळ्यात एक थेंब पाणी लागलं नाही पण आता मे लागला अन् पंधरा दिवसांत पाण्याचा इंडिकेटर लाल पट्टीवर. खोली पत्र्याची आहे, दुपारी आत उभं राहवत नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली, नवीन घ्या. मेनूत टेम्परेचर कॉम्पेनसेशन असं काहीतरी आहे, शून्यावर. हात लावू का?

मिलिव्होल्ट:
लावा ना भाऊ, तिथंच तर गोम आहे, तापमानाप्रमाणे चार्जिंगचा व्होल्टेज आपोआप कमी-जास्त करायची सेटिंग आहे ती. १४.४ हा आकडा २५ अंशाचा. बॅटरी तापली की त्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढते, आणि तो साठत नाही, पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन करून उडवतो. लेड ॲसिडला दर अंशाला सेलमागे ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करतात. ४ धरा, १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे अंशाला २४ मिलिव्होल्ट. बॅटरी ४० ला असेल तर १५ गुणिले २४, ०.३६ व्होल्ट झाले, बूस्ट १४.०४ आणि फ्लोट १३.२४.
एक बघा मात्र, काही कंट्रोलरला आकडा सेलमागे द्यायचा असतो तर काहींना अख्ख्या बॅटरीचा. सेलच्या जागी २४ टाकलात तर बॅटरी उपाशी मरेल.

द्राक्षबागवाला:
आमचं निफाडला उलटं, थंडीत पहाटे पारा ४-५ वर येतो. सेटिंग नव्हती तेव्हा चार्जिंग अर्धवट राहायचं, हायड्रोमीटर (ॲसिडच्या घनतेवरून चार्ज दाखवणारा) ११८० च्या वर जाईना, प्लेटा पांढऱ्या पडायला लागल्या. १० अंशाला तोच १४.४ चा १४.७६ लागतो.
आणि कंट्रोलरचा तापमान मोजणारा प्रोब भिंतीवर लोंबकळत ठेवू नका, मी तेच केलं होतं. हवा तासाभरात गार होते, पण बॅटरीचं धूड रात्रभर गरम राहतं. बॅटरीच्या कुशीला मधोमध टेपने चिकटवा, वरून थर्माकोलचा तुकडा.

जुना_वायरमन:
लिथियमवाल्यांनी हे वाचून सेटिंग करू नका, तिथं शून्यच ठेवायचं. आणि व्होल्टेज उतरवला म्हणून ऊन कमी होत नाही, दर १० अंशाला लेड ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरी बाहेर पडवीत सावलीला घ्या, वारा लागेल अन् गॅसही साचणार नाही.

वऱ्हाडी_सोलर:
प्रोब खोक्यातच पडून होता राजेहो, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं! सेलमागे ४ टाकले. आज दुपारी तीनला स्क्रीनवर बॅटरी ४३ आणि बूस्ट १३.९७, आधी बुडबुड्यांचा आवाज दारापर्यंत यायचा तो आता कान लावला तरच येतो. पडवीचं रविवारी बघतो, दोन माणसं लागतील उचलायला. दुकानदाराला अजून काही बोललो नाही.