अव्हेंजरला मराठीत काय म्हणायचं? (सूडकरी नको प्लीज)

पिंगळा: २०१२ चा अव्हेंजर्स (मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या टीमचा सिनेमा) परत बघितला, कितव्यांदा ते विचारू नका. तो सीन आठवतोय ना, टोनी स्टार्क म्हणजे आयर्न मॅन निवांत दारू ओतून घेतोय, समोर खलनायक लोकी, आणि टोनी त्याला ऐकवतो की पृथ्वी वाचवता नाही आली तरी आम्ही ती अव्हेंज करू. हेच मराठीत सांगायला गेलो आणि अडलो. "पृथ्वीचा सूड घेऊ" म्हटलं तर बिचाऱ्या पृथ्वीवरच उठलेत असं वाटतं!! "तिच्यासाठी सूड घेऊ" हे भाषांतर केल्यासारखं वाटतं. नेमका शब्द काय?

खवचट: हाहा खरंय. "त्याचा सूड घेईन" म्हणजे त्याला धडा शिकवीन, त्याच्या बाजूने लढेन असं कुणीच समजणार नाही. "खुनाचा सूड", "अपमानाचा सूड" असं कृत्य पुढे आणलं की मग जमतं. म्हणजे "पृथ्वीच्या विनाशाचा सूड". पण एवढं बोलेपर्यंत लोकीने खिडकीतून फेकून दिलं असतं (देतोच म्हणा).

सायली_के: वचपा किंवा उट्टं?

खवचट: नको गं, ती दोन्ही घरगुती हिशोबाची. मागच्या मॅचचा वचपा काढतात, टोमण्याचं उट्टं काढतात. शिवाय हिशोब आपला स्वतःचा असतो. इंग्रजीत रिव्हेंज साधारण स्वतःसाठी आणि अव्हेंज दुसऱ्यावरच्या अन्यायासाठी, असा फरक सहसा करतात. थॉर रॅग्नारॉक सिनेमात थॉर आपल्या टीमला रिव्हेंजर्स म्हणतो तो जोक त्यावरच आहे, आणि मराठीत दोन्हीला सूडच म्हटलं की जोक मेला.

पिंगळा: मग पारिपत्य? "थॅनोसचं पारिपत्य केलं" (तो नंतरच्या सिनेमांतला खलनायक) हे झकास बसतं की.

सायली_के: बसतं, पण त्यात गुन्हेगार दिसतो, ज्याच्यावर अन्याय झाला तो कुठेच नाही. मला कैवारी आवडतो. कैवार घ्यायचा म्हणजे दुसऱ्याची बाजू घेऊन भांडायचं, आणि हे लोक तेच करतात. फक्त कैवारीत पारिपत्य येत नाही, नुसती बाजू घेऊन घरी गेला तरी तो कैवारीच. अव्हेंजला दोन्ही लागतं. तरी माझं मत कैवारीला.

जुनापुराणा: लोकहो एवढा कीस पाडताय पण मूळ कॉमिकमधे कुणी कसलाच सूड घेत नाहीये 😀 १९६३ चा पहिला अंक, स्टॅन ली आणि जॅक कर्बी. लोकी कट करून हल्कवर आळ आणतो, त्यातून आयर्न मॅन, थॉर, अँटमॅन, वास्प आणि हल्क एकत्र येतात. कॅप्टन अमेरिका तर चौथ्या अंकात आला. टीमला नाव काय द्यायचं यावर वास्प सुचवते की काहीतरी रंगीत, नाट्यमय हवं, अव्हेंजर्ससारखं. झालं बारसं! आणि २०१९ च्या कॅप्टन मार्व्हल सिनेमात तर ते नाव कॅरलच्या (कॅप्टन मार्व्हल तीच) विमानावर लिहिलेल्या तिच्या कॉलसाइनवरून, म्हणजे वैमानिकाच्या टोपणनावावरून, टीम जमवणारा फ्युरी उचलतो. म्हणजे टोनीचं वाक्य हीच काय ती अर्थ लावायची खटपट.

पिंगळा: अरे वा, हे माहीत नव्हतं. मग अर्थ सोडून नुसता दणका बघायचा झाला तर सूडच जोरदार, तो ठोसा मारल्यासारखा ड आहे ना शेवटी.

सायली_के: अवांतर, त्यांच्या "अव्हेंजर्स असेंबल" या आरोळीतल्या "असेंबल"चं काय करायचं? २०१५ च्या एज ऑफ अल्ट्रॉनमधे कॅप (कॅप्टन अमेरिका) नुसतं "अव्हेंजर्स" म्हणतो आणि सिनेमाच कट होतो, किती चिडले होते मी. मग २०१९ ला एंडगेममधे सगळे पोर्टलमधून आले, तो "अव्हेंजर्स" ओरडून म्हणतो आणि "असेंबल" एकदम हळू, जवळजवळ स्वतःशी. "जमा व्हा" म्हटलं तर आता हजेरी घेणार असं वाटतं.

खवचट: "चला रे"

सायली_के: थॉर दीड हजार वर्षांचा आहे, त्याला रे?

खवचट: बरं, "चला". एवढ्या हळू आवाजात तेवढंच शोभतं.