मे महिन्यात खिडकीतून काढलेले पक्ष्यांचे फोटो धुरकट का येतात?

अंगणवाला: लक्ष्मीनगरला लहानशी बाग आहे. बुलबुल, दयाळ, चीरक, शिंजीर रोज पाण्यावर येतात. सकाळी दहानंतर, हॉलच्या सरकत्या काचेआडून, १००-४०० मिमी लेन्स. शटर १/१००० असूनही सगळं धुरकट, आणि शिंजीराचा नर म्हणजे नुसता काळा ठिपका. लेन्स बिघडली का?

टकाचोर: लेन्सला दोष देऊ नका, भाऊ. आपल्या नागपुरात मे महिन्यात दहा वाजता फरशी आणि कंपाउंडची भिंत तापलेली असते. तिच्यावरून उठणारी गरम हवा थरथरते आणि ४०० मिमीला ते फोटोत दिसतं. शटर १/४००० केलं तरी जात नाही. सहा ते आठ हीच खरी वेळ. कूलर चालू असताना खिडकी उघडून काढाल तर गार आणि गरम हवा ऐन चौकटीत मिसळते, तेही तितकंच वाईट.

काचेतूनच काढायचं तर दोन पल्ले एकावर एक नकोत. काच दोन्हीकडून पुसा, हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) काचेला सरळ टेकवा, खोलीतला दिवा बंद. काचेतून तिरपं काढलं तर फोटोला धार, म्हणजे स्पष्टपणा, येतच नाही. लेन्सची शंका असेल तर सकाळी सहाला, काच न ठेवता, पाच मीटरवर वर्तमानपत्र टांगून फोटो काढा. बारीक अक्षरं वाचता आली की विषय संपला.

शिंजीराची चमक पिसांच्या रचनेमुळे असते. ऊन तुमच्या पाठीमागून पडलं तरच जांभळा-निळा दिसतो. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१ करा. दयाळाला उलट −०.७, नाहीतर पांढरा पट्टा जळतो.

परळभर_पाणी: पक्षी कुठे बसणार ते आपणच ठरवावं. मातीची खडबडीत परळ, काठाशी २ सेंमी, मध्ये फार तर ५ सेंमी पाणी. गुळगुळीत भांड्यात पाय घसरतात. वर दोन लिटरची बाटली उलटी टांगून नवा सलाईन सेट लावा, चकती फिरवून सेकंदाला एक थेंब. तासाला साधारण १८० मिली जातं, म्हणजे अकरा तास निघतात. साठलेल्या पाण्यापेक्षा टपटपीला पक्षी लवकर येतात.

परळीपासून हातभर अंतरावर वाळकी फांदी रोवा: बुलबुलाला बोटाएवढी जाड, शिंजीराला पेन्सिलीहून बारीक. मागची मेंदी किमान तीन मीटर दूर हवी, तरच पार्श्वभूमी विरघळते. मांजर दबा धरतं, म्हणून परळीभोवती दीड-दोन मीटर मोकळं ठेवा. रोज काथ्याने घासून पाणी बदला, साबण नको. चार दिवस विसरलात तर डासांच्या अळ्या ठरलेल्या.

आणि घरट्याचे फोटो नकोत. फांदी बाजूला सारली की कावळ्याला आयता पत्ता मिळतो.

अंगणवाला: सेट लावला, पण दहा मिनिटांत थेंब थांबले.

परळभर_पाणी: बाटलीत हवा जात नाहीये. उलटी टांगल्यावर जे बूड वर येतं, त्याला गरम सुईने छिद्र पाडा.