ब्रूस डिकिन्सनचे मेडन सोडल्यानंतरचे अल्बम: सुरुवात कुठून करू?

सावद्याचा केळीवाला
१ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड आला होता, तेव्हा आम्ही होस्टेलची चार पोरं भुसावळहून जनरलच्या डब्यात उभ्यानं गेलो होतो. परत आल्यावर आठ दिवस घसा बसलेला. आता केळीच्या गाड्या भरतो, रात्र रात्र जागरण, तेव्हा कानाला काहीतरी लागतं. मेडनचं सगळं पाठ झालंय, म्हणून त्यांचा गायक ब्रूस, त्याचा स्वतःचा 'बॉल्स टू पिकासो' लावला. शेवटचं गाणं जबरदस्त, बाकी धड मेडनही नाही आणि धड वेगळंही नाही. मग १९९३ मध्ये भरलं ताट सोडून हा माणूस उठला तरी कशाला? पुढचे अल्बम ऐकावे का?

हळदीचा गायक, धुळे
ऐका हो भाऊ, पण क्रमानं नको.

मी अकरा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गायलो. गाडीवर उभं राहून, मे महिन्यात, समोर नवरदेवाचे मित्र. पट्टी ठरायची ट्रंपेटवाल्याच्या सोयीनं. मला झेपो न झेपो, वर चढायचं. मालकाला म्हटलं जरा खाली घ्या, तर म्हणे, "तुले गानं ऐकाडनं शे का लोके नाचाडनं शे?" सोडलं. आणि सोडल्यावर पहिले दोन सिझन काय गायलो ते आठवायलाही नको. बँडचंच गायचो, फक्त बँड नव्हता.

ब्रूसचं मला तसंच वाटतं. १९९४ चा 'पिकासो' म्हणजे तो पहिला सिझन. त्यात रॉय झी भेटला होता, लॉस एंजेलिसचा गिटारवाला, पण अजून सूर जुळायचा होता. १९९६ ला 'स्कंकवर्क्स'. त्याला निर्माता घेतला जॅक एंडिनो, निर्वाणा बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड करणारा. केस कापले, काळाप्रमाणे वागून पाहिलं. १९९७ ला 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ': रॉय झी परत आला, शिवाय १९९० मध्ये मेडन सोडलेला गिटारवाला ॲड्रियन स्मिथही.

आणि मग १९९८ चा 'द केमिकल वेडिंग'. गिटारी इतक्या खाली उतरवल्यात की डोक्यावर स्लॅब घातल्यासारखं वाटतं, आणि हा बाबा त्या स्लॅबच्या वर गच्चीत उभा राहून गातो. मेडनमध्ये गिटारी आणि स्टीव्ह हॅरिसचा बास त्याच्या बरोबरीनं वरच पळतात, आवाजाला त्यांच्यातून वाट काढावी लागते. इथे वरची सगळी जागा त्याच्या एकट्याची. विषय विल्यम ब्लेक या जुन्या इंग्रज कवी-चित्रकाराचा, मुखपृष्ठावर ब्लेकचंच चित्र, मधे आर्थर ब्राउन या इंग्रज गायकाच्या आवाजात उतारे. शब्द कळले नाहीत तरी चालतं, मलाही निम्मे कळत नाहीत.

मला पुढे एक कॅसिओवाला पोरगा मिळाला. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, तुमची पट्टी कोणती?" अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

नाईट ड्युटी भुसावळ
'स्कंकवर्क्स'ला एवढं झोडपू नका राव. नाव झाकून ऐका, चांगला रॉक अल्बम आहे. आणि मेडन तरी त्या वेळी कुठे सुखात होतं? ब्रूसच्या जागी ब्लेझ बेलीला घेऊन दोन अल्बम काढले, गर्दी आटली. ब्लेझचा आवाज खालचा, आणि त्याला ब्रूसच्या पट्टीतली जुनी गाणी गायला लावली. धुळेकर, ही तर तुमचीच गोष्ट झाली.

हळदीचा गायक, धुळे
ब्लेझचं मान्य, शंभर टक्के. 'स्कंकवर्क्स'चं नाही.

सावद्याचा केळीवाला
काल रात्री 'केमिकल वेडिंग' लावला, मोबाइल क्रेटमध्ये ठेवून, स्पीकरवर. फण्या कापणारे काका दोन गाणी गप्प बसले, तिसऱ्याला म्हणाले, "हा माणूस काब्र कोकलून राह्यला?" म्हटलं नोकरी सोडली होती त्यानं. "मंग?" म्हटलं पुढच्याच वर्षी, १९९९ ला, परत घेतलं त्याला, ॲड्रियनसकट. काकांनी विळी पुसली. "पगार वाढवून घेतला का पण?"

आता २०२४ चा 'मँड्रेक प्रोजेक्ट' राहिलाय. रॉय झी त्यातही आहे ना? मधे २००५ चा एक दिसतोय, तो आधी ऐकू का?

हळदीचा गायक, धुळे
आहे, दोन्हीत आहे. २००५ चा आधी. मधे एकोणीस वर्षं गेली, त्यात जिभेच्या कॅन्सरचे उपचारही झाले. आवाज कुठे जाड झाला ते ऐकून सांगा. आणि काकांना सांगा, पगाराचं मलाही विचारायचं होतं.