दमट, कुंद, मळभ की पावसाळी? पिसारोच्या रुआंसाठी शब्द

प्रश्न: फ्रेंच चित्रकार कामी पिसारोचं १८९६ चं एक चित्र आहे, फ्रान्समधल्या रुआं शहरातला सीन नदीवरचा ब्वाल्दिय पूल, सध्या टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओमध्ये असतं. फ्रेंच नावात ‘तां मुइये’ आहे, शब्दशः ओली हवा. मराठीत लिहिताना ‘दमट हवेतला पूल’ चालेल का?

उत्तर: दमट नको प्लीज! दमट म्हटलं की घाम, अंगाला चिकटलेला शर्ट, न वाळलेले कपडे हे सगळं मागोमाग येतंच. रुआं हे फ्रान्सच्या उत्तरेकडचं शहर आहे, पिसारो त्या वर्षी दोनदा तिथे राहिला, एकदा हिवाळ्यात आणि मग शरदात, आणि डोळ्यांचं दुखणं असल्यामुळे बाहेर वाऱ्यात उभं न राहता हॉटेलच्या खिडकीतून चित्रं काढायचा. म्हणून तर पूल आपल्याला असा वरून दिसतो.

‘कुंद’ही नाही बसत. कुंद हवेत जीव गुदमरतो, पान हलत नाही, माणसाला काही सुचत नाही. इथे पुलावर घोडागाड्या आणि माणसांची नुसती रीघ लागलीय, धक्क्यावर कामगार, बोटी, पलीकडच्या काठावर सँ-सवेर भागातल्या कारखान्यांच्या चिमण्या. पिसारोने मुलाला, ल्युसियँला, पत्रात लिहिलंय की ओल्या हवेतला लोखंडी पूल, ती वर्दळ, धूर, लांबवरचं धुकं हे सगळं त्याला फार जिवंत वाटतं. ज्याला हे दृश्य इतकं जिवंत वाटलं त्याच्या चित्राला कुंद म्हणणं म्हणजे अन्यायच.

मी ‘पावसाळी हवा’ म्हणेन. जानेवारीत भुरभुर आली तरी आपण ‘आज हवा पावसाळी आहे’ म्हणतोच की, त्याला जून लागत नाही. आभाळापुरतं ‘मळभ’, आणि ‘धूसर’ फक्त पलीकडच्या काठाला. अख्खं चित्र धूसर म्हणू नका, अलीकडचा धक्का आणि पुलाच्या कमानी चांगल्या ठसठशीत आहेत.

प्रश्न: आणि इम्प्रेशनिझमला, म्हणजे त्या क्षणी डोळ्यांना दिसलं तसं रंगवायच्या पिसारोच्या शैलीला, दृक्प्रत्ययवाद लिहू का? रंगांबद्दल काय लिहू, ‘राखाडी रंगाचा सुंदर वापर’?

उत्तर: दृक्प्रत्ययवाद आहे शब्द, विश्वकोशातही आहे, एकदा लिहा आणि पुढे बिनधास्त इम्प्रेशनिझम म्हणा, लोकांना तेच पटकन कळतं.

राखाडीवर मात्र थांबू नका, इथेच तर मराठीची मजा आहे. त्याचा राखाडी काळ्या-पांढऱ्याचा सपाट रंग नाही, जवळून बघितलं की त्यात निळसर, गुलाबीसर, जांभळट असे छोटे छोटे फटकारे दिसतात आणि चार पावलं मागे आलं की ते मिळून ओलं आभाळ होतं. आपल्याकडे यासाठी ‘-सर’ आणि ‘-ट’ असे दोन प्रत्यय तयार आहेत आणि दोघांत फरक आहे बरं का. पिवळसर म्हणजे पिवळ्याकडे झुकणारा, एवढंच. पिवळट म्हटलं की रंग उतरलाय, काहीतरी आजारी आहे असं वाटतं. म्हणून पाण्यावरच्या उजेडाला पिवळसर म्हणा, धुराला मळकट किंवा धुरकट म्हणा, तिथे ‘-ट’ शोभतो.

अजून एक, ‘विलोभनीय निसर्गदृश्य’ वगैरे लिहू नका. हे बंदराचं कामकरी गाव आहे. दुसरा इम्प्रेशनिस्ट चित्रकार मोने, त्याने त्याच रुआंमध्ये कॅथेड्रलचा दर्शनी भाग पुन्हा पुन्हा रंगवला होता, त्यातली २० चित्रं १८९५ मध्ये पॅरिसला दुराँ-रुएल या चित्रविक्रेत्याच्या गॅलरीत लागली आणि पिसारो ती बघून भारावून गेला होता, तरी पुढच्या वर्षी तिथे जाऊन त्याने रंगवला तो माल चढवायचा धक्का आणि रहदारीचा पूल. मला हे फार मोठं वाटतं. त्यामुळे वर्णनात ‘वर्दळ’, ‘लगबग’, ‘ये-जा’ हे रोजचेच शब्द येऊ द्या, ‘नयनरम्य’ काढून टाका.