उत्तर: रीबूटनंतर बदल का पुसला जातो

प्रश्न असा आहे की सनओएस ४ वर (सन कंपनीची जुनी युनिक्स प्रणाली) एडीबी या डीबगरने कर्नलमधली, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातली, किंमत बदलली, पण रीबूटनंतर ती जुनीच दिसते. कारण एका चिन्हात आहे. एडीबीला -के -डब्ल्यू देऊन व्हीएमयुनिक्स (डिस्कवरची कर्नल फाइल) आणि डेव्ह-मेम (चालू मेमरी) या दोन फाइली उघडल्या, की तिरप्या रेघेची आज्ञा चालू मेमरीत लिहिते आणि प्रश्नचिन्हाची आज्ञा डिस्कवरच्या कर्नल फाइलीत. तुम्ही फक्त पहिली वापरली असणार. कायमचा बदल हवा तर दुसरीही द्या, पण आधी व्हीएमयुनिक्सची प्रत नक्की ठेवा.

आकडा लिहिताना तर फारच सांभाळा. इथे नुसता आकडा हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, धरला जातो. ६४ लिहिलंत तर आत १०० जातात! दशमान हवं असेल तर आधी शून्य-टी लावा. मी लिहिण्याआधी आणि नंतर मोठा डी (दशमानात किंमत दाखवणारी आज्ञा) देऊन किंमत वाचतोच; ही सवय सोडू नका.

आणि एनप्रोकला (किती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मावतील तो आकडा) चालू मशीनवर हात लावू नका. प्रोसेसची नोंद ठेवणाऱ्या प्रोसेस टेबलची जागा बूट होतानाच ठरते; आकडा वाढवल्याने टेबल वाढत नाही, कर्नल मात्र पलीकडची मेमरी टेबलच समजून वाचू लागतो.

सोलारिसवर (सनओएसची पुढची प्रणाली) कायमच्या बदलासाठी सरळ ईटीसी-सिस्टिम फाइल वापरा.